फाटकावरची नोंद

पळून गेलेल्या माणसाने बूट नेले नव्हते. नौदलाच्या कार्यालयाने पाठवलेल्या सामानाच्या यादीत ते स्पष्ट होते: काळे बूट, एक जोड; बाहेर जायचा पांढरा गणवेश, इस्त्री केलेला; दाढीचे सामान; बायकोचे पत्र, एक. खाली शेरा होता: मालक फरारी.

मुलीने ती यादी तीनदा वाचली. मुलगी म्हणजे सहासष्ट वर्षांची बाई, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली. एकाच नमुन्याचे दोन आकडे जुळले नाहीत तर तिने जन्मात कधी सही केली नव्हती. इथे दोन नोंदी जुळत नव्हत्या. खलाशाला बाहेर घालायच्या बुटांचा एकच जोड मिळे, आणि पांढरा गणवेश व बूट घातल्याखेरीज त्याला गोदीच्या फाटकाबाहेर सोडत नसत. फाटकाची वही मात्र सांगत होती, की युद्धाच्या तिसऱ्या वर्षी एका शनिवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तिचा बाप सुट्टीवर बाहेर पडला. परतल्याची नोंद नव्हती.

रविवारी पहाटे बोटीवर बॉम्ब पडला. बॉयलरखोलीत सात जणांची पाळी होती. मोजता येण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून हिशेब हजेरीपटावरून झाला. सहा मेले, एक वाचला. त्याच दुपारी आई चार वर्षांच्या मुलीला घेऊन गाडीतून उतरली आणि फाटकाशी येऊन उभी राहिली. कारकुनाने मेलेल्यांच्या यादीवरून बोट फिरवले आणि सांगितले, यात नाही. आईने श्वास सोडला. मग त्याने दुसरी वही उघडली.

आई आता सत्त्याऐंशी वर्षांची होती.

"कशाला उकरून काढतेस? मेल्याचं नावसुद्धा नको मला," ती म्हणाली होती. मुलगी चपला घालून दारापर्यंत पोचल्यावर मात्र मागून आवाज आला. "सापडलंच कुणी त्याच्या बोटीवरचं, तर एवढंच विचार. आम्ही यायच्या आदल्याच दिवशी का पळाला?"

बोटीवरच्या लोकांच्या पत्त्यांवर मुलीने चौतीस पत्रे टाकली. एकोणतीस परत आली, चारांना उत्तर नव्हते. एक उत्तर थरथरत्या अक्षरात आले: या, दुपारी या. लिहिणारा बॉयलरखोलीतून वाचलेला तो एकटा माणूस होता.

त्याच्या सुनेने दार उघडले. "बसा. आता तासभर तुमची सुटका नाही," ती हसून म्हणाली. "स्फोटाची गोष्ट आमच्या मांजरालाही पाठ आहे. बाबा, तुमच्या बोटीवरच्या खलाशाची मुलगी आलीय!"

म्हातारा खिडकीपाशी बसला होता. भिंतीवर पदक होते, चौकटीत. त्याने मुलीकडे बराच वेळ पाहिले आणि गोष्ट सुरू केली नाही. तिने यादी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने भिंग काढले. पहिल्याच ओळीवर भिंग थांबले.

"साठ वर्षांत कुणी बुटांचं विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

"बूट बोटीवर होते, काका. मग फाटकातून बाहेर कोण गेलं?"

"सुट्टी त्याची होती. गेलो मी."

सून चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथेच थबकली.

म्हाताऱ्याने सांगितले: सुट्टीच्या पासवर फोटो नसे, नुसता नंबर असे. पहारेकरी गणवेश पाही आणि नंबर लिहून घेई. सुट्ट्यांची अशी अदलाबदल सगळेच करत, बाहेर जाणाऱ्याची पाळी दुसरा करी; अधिकारी काणाडोळा करत. पहाटे स्फोट ऐकून तो धावत आला, तेव्हा फाटक सताड उघडे होते आणि नोंद घ्यायला कुणी जागेवर नव्हते. कुणी हाती लागेल म्हणून त्याने पाण्यात उडी टाकली. कुणी लागले नाही. एका होडीने त्यालाच वर ओढले.

"पाळीवर नाव होतं आणि पाण्यात सापडलो. वाचलेला म्हणून त्यांनीच लिहून टाकलं," तो म्हणाला. "मी गप्प बसलो. आधी शिक्षेला भ्यालो. मग पदक दिलं. मग लग्न झालं, पोरं झाली... सांगणार कुणाला?"

"माझ्या आईला," मुलगी म्हणाली.

खुर्ची, खिडकी, माणूस सगळे जागच्या जागी होते आणि तिला कशाचाच आधार वाटत नव्हता. तरी एक प्रश्न उरला होता, आणि तो न विचारता उठणे तिला जमले नसते.

"अदलाबदल कुणी मागितली? तुम्ही की त्यांनी?"

"त्यानं. मी कशाला मागेन? माझी रविवारची होती, पहाटेची पाळी संपली की अख्खा दिवस मोकळा. द्यायला तयार नव्हतो मी. दोन दिवस मागे लागला होता. स्वतःच्या गणवेशाला इस्त्रीसुद्धा करून ठेवली होती लेकानं."

सुनेने ट्रे जमिनीवर ठेवला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. मुलीने पिशवीतून पेन काढले. यादीवरचा शेरा तिने एका सरळ रेघेने खोडला, त्याखाली तारीख घातली आणि आईला वाचून दाखवता येईल अशा मोठ्या अक्षरात लिहिले:

त्या पहाटे बॉयलरखोलीत सहा नव्हे, सात माणसे मेली. सातवे माझे वडील. रविवारी दुपारी त्यांची बायको आणि मुलगी येणार होत्या. त्या दिवशी सुट्टी मिळावी, म्हणून त्यांनी शनिवारची देऊन टाकली होती.