मांडीवरचे चट्टे

चौलचे निवृत्त विज्ञानशिक्षक विश्वंभरपंत रोज सकाळी स्वतःच मांडीत इन्सुलिन टोचून घेत, आणि टोचलेल्या जागी तांबडे, खाजरे चट्टे उठत. १९५६ साली त्यांनी त्याचे कारण हुडकण्याचा चंग बांधला. सुई बदलली, स्पिरिट पुरते वाळू दिले, रोज नवी जागा निवडली आणि सारे वहीत टिपले. आठव्या दिवशी मांडी स्वच्छ होती.

"बघितलंस? याला म्हणतात पद्धत," ते पत्नीला म्हणाले.

"हो तर!" सिरिंज उकळायला ठेवत दुर्गाबाई म्हणाल्या.

मग पंतांनी दर आठवड्याप्रमाणे साखर पाहायला परीक्षानळीतल्या द्रावणात लघवी घालून तापवली. निळे द्रावण पाहता पाहता विटकरी झाले. साखर इतकी कधीच चढली नव्हती.

"चोरून गोड खाल्लंत ना?"

"कणभरही नाही! वहीत बघ. औषधही रोज मोजून घेतलंय."

दुर्गाबाईंनी वहीची पाने चाळली.

 

"मग पाणीच जास्त झालं असेल. अहो, बाळाला दूध बाधलं की आपण पाणी घालूनच पाजतो ना? तुम्ही आंघोळीला गेलात की तुमच्या इन्सुलिनच्या बाटलीतही आठवडाभर तेच करतेय."