मलमलीपलीकडे

वाफ्यावर ताणलेली पांढरी मलमल वाऱ्याने फुगत होती, बसत होती. आणि तिच्यावर पाय रोवून मेलेल्या मधमाश्या तिच्याबरोबर वरखाली होत होत्या. श्वास चालू असल्यासारख्या.

कावीळ उतरल्यावर ती आज पहिल्यांदाच संशोधनकेंद्राच्या बागेत आली होती. नवरा दोन पावलं मागे उभा होता.

या मधमाश्या एकांड्या. पोळं नाही, राणी नाही. वाफ्यातली ही जांभळी फुलं उमलली की जमिनीतून वर येतात, त्यांच्याच परागावर पिल्लांची सोय लावतात आणि मोसमाबरोबर संपतात. “तुझ्या माहेरची माणसं,” तो थट्टेने म्हणायचा, “पानात दुसरं काही वाढलं तर उपाशी उठतील!” टेकड्या खणल्या गेल्यापासून या फुलांचा एवढा एकच वाफा उरला होता.

दोघांचा प्रयोग साधा होता. फूल दिसू नये, गंध मात्र झिरपावा, म्हणून मलमल. शेजारी उघडी, परागाने ओथंबलेली पिवळी फुलं. माशी गंधामागे जाते की रंगामागे? गंधामागेच, असं तिचं म्हणणं होतं. एक दुपार पाहायचं आणि कापड काढायचं. पण त्याच दुपारी ती बागेत कोसळली. त्याने तिला उचलून इस्पितळात नेलं.

“राहूनच गेलं गं,” तो आता म्हणाला. “तुझ्या उशाशी बसून होतो. कापडाचं भानच उरलं नाही.”

तिने मलमलीची कड उचलली. आत फुलं सुकली होती. पराग तसाच, कुणी न शिवलेला. म्हणजे जमिनीत अंडं नाही. पुढच्या मोसमात इथून कोणीही वर येणार नव्हतं.

तिला त्याचीच कीव आली. माणसाने बायकोकडे पाहावं की माश्यांकडे? तिने न वळताच हात मागे केला. त्याने तो धरला.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “मनाला लावून घेऊ नकोस.”

तो सैलावला. आवाजात जुनी ऊब आली. “आणि एक सांगू? तुझंच खरं ठरलं. पिवळ्या फुलांकडे एकीनेही ढुंकून पाहिलं नाही. शेवटची तर पंख गळेपर्यंत कापडच ओरबाडत होती.”

मलमल फुगली. बसली.

इस्पितळातल्या दुपारी तिला आठवल्या. ग्लानीतून डोळे उघडायचे, तर उशाजवळची खुर्ची रिकामी. औषधं आणायला गेलेत, परिचारिका सांगायची. रोजच सांगायची.

“शेवटची,” ती सावकाश म्हणाली. “तू पाहिलीस?”

हातातला हात सुटला. वाळक्या पानांवरून फाटकाकडे जाणारी त्याची पावलं तिला बराच वेळ ऐकू येत राहिली.