रोजचा गृहपाठ

सहा महिने परदेशी लेकीकडे राहायला जायचं, तिथे घरात-दुकानात अडायला नको, म्हणून अण्णांनी फोनवरून स्पॅनिशची शिकवणी लावली. बाई रोज एकच गृहपाठ द्यायच्या, "आज घरातली काय काय कामं केलीत, ते सांगा."

अण्णांनी जन्मात इकडची काडी तिकडे केली नव्हती. पण अभ्यासाला पक्के! सोफ्यावर पाय वर घेऊन ते बायकोवर डोळा ठेवून बसायचे. "अगं, फरशी जरा सावकाश पूस. मला क्रियापद सापडत नाहीये!" तिने कपडे वाळत घातले की अण्णा वहीत लिहायचे, 'मी कपडे वाळत घातले.' भाजी, भांडी, तुंबलेलं सिंक, सगळं असं 'मी'च्या नावावर चढलं.

शेवटच्या तासाला बाईंना राहवेना. त्यांनी स्पॅनिशमध्ये विचारलं, "एवढं सगळं तुम्ही एकटेच करता? मग तुमच्या मिसेस काय करतात?"

अण्णांना पहिल्यांदाच वहीत बघावं लागलं नाही. अस्खलित स्पॅनिशमध्ये ते म्हणाले,



"काही नाही. ती घरीच असते."