रिले आणि लोटी

"देश पुढे न्यायचाय ना? मग आधी मुलुंडच्या शाळेला मागे टाका गं पोरींनो!" असं बाईंनी बजावलं, आणि घाटकोपरच्या शाळेची प्रेमा जी सुटली म्हणता, वाऱ्यानेही तोंडात बोट घालावं! रिलेच्या तिसऱ्या टप्प्यात तिने मुलुंडच्या मुलीला पार मागे टाकलं. आता हातातली दांडी फक्त उत्तराला द्यायची होती. शेवटचा टप्पा उत्तराचाच, कारण तिचे वडील शाळेच्या मंडळावर.

"हातात नको हं! खाली ठेव!" उत्तराची आई पाण्याची लोटी घेऊन थेट मैदानातच घुसली. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या पोरीने धरलेली दांडी, पाणी शिंपडल्याशिवाय उत्तरा तिला हात कसा लावणार?

प्रेमाने दांडी खाली ठेवली. काकूंनी शिंपडायला घेतलं.

"अगं, उचल की आता!" प्रेमा किंचाळली.

"थांब गं, हे टोक राहिलंय," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात मुलुंडची पोरगी शेजारून भुर्रकन निघून गेली. मग उत्तरा दांडी उचलून जीव तोडून धावली, पण ढाल वीतभर अंतराने हुकली.

प्रेमाला रडूच फुटलं. "बाई, पुढच्या वर्षी मला हातात देऊ द्या ना. सगळा वेळ शिंपडण्यात गेला हो!"

"अगदी बरोबर बोललीस," बाई म्हणाल्या, आणि प्रेमाचा चेहरा खुलला. बाईंनी लगेच सगळ्यांना गोळा केलं. "मुलींनो, आपण कुठे कमी पडलो ते कळलं. उद्यापासून रोज शाळा सुटली की शिंपडायचा सराव!"