कमी खाऊन दाखवा

पोटाचं ऑपरेशन करून वजन उतरवणारा डॉक्टर मुंबईत आहे, असं कळलं तेव्हा मालनबाई मुलाला घेऊन बेंबळीहून निघाल्या. वजनानं गुडघे गेल्यामुळं त्यांना धड उभंही राहवत नव्हतं.

डॉक्टर त्यांच्याकडं न बघता मुलाशीच बोलले. "ऑपरेशनचं नंतर बघू. आधी तीन महिने यांनी कमी खाऊन दाखवायचं. तोंडावर ताबा आहे का, ते कळू दे."

"दावलंय की," मालनबाई म्हणाल्या. "बहात्तरच्या दुष्काळात. आमी रस्त्यावर खडी फोडत हुतो. दुपारी समद्यांला सुकडी वाटायचे. माझी पाळी आली की मुकादम म्हणायचा, तुला कशाला, तू घरून खाऊन येतीस. माझ्या वाटची दुसऱ्याला द्यायचा."

"आणि घरी काय खायचात?"

"रेशनवरच्या लाल मिलो जवारीची भाकर. ती बी लेकरांचं झाल्यावर उरली तर."

डॉक्टर हसले. "मग तेव्हा चांगल्या बारीक झाला असाल."

"झाले असते तर मुंबईला कशाला आले असते?" मालनबाईंनी मुलाच्या खांद्याचा आधार घेतला. "व्यंकट, ऊठ. हितं बी मुकादमच बसलाय."