सान पास्कुआलची पेनल्टी

बायकांच्या फुटबॉल जगज्जेतेपदाच्या अंतिम लढतीत मेक्सिकोच्या मुली चार-शून्यने हरल्या. नंतर असं ठरलं, की अशी लढत झालीच नव्हती.

हे ठरवायला फुटबॉल संघटनेला एक बैठक पुरली. स्पर्धा तिला न विचारता भरवली होती. शिवाय स्टेडियम खच्चून भरलं होतं, आणि ते संघटनेच्या मनाला जास्त लागलं होतं. संघटनेचे लिसेन्सियादो, म्हणजे वकीलसाहेब, ओलवेरा निर्णय सांगायला गोलरक्षक एउलालियाच्या आईच्या खानावळीत स्वतः आले. आधी जेवले. मग भिंतीवरचा संघाचा फोटो, कात्रणं आणि जर्सी पिशवीत भरली.

एउलालियाला वस्तीत सगळे लाला म्हणत. अंतिम लढतीनंतर 'चार' म्हणू लागले होते.

"म्हणजे ते चार गोल?" तिने विचारलं.

"कुठले गोल?" लिसेन्सियादो म्हणाले.

लालाला माणूस एकदम आवडला. तिने त्यांना हाताला धरून कोपऱ्यावरच्या टॉर्टियांच्या दुकानात नेलं. तिथली मालकीण दोन्या रेफुखियो तिला रोज टॉर्टिया मोजून द्यायची आणि चौथीला म्हणायची, "अगं बाई, हाही गेला आत!"

"इथे सांगा. मोठ्याने."

लिसेन्सियादोंनी सांगितलं.

"मग त्या रविवारी दुकान बंद ठेवून मी गेले कुठे होते?" दोन्या रेफुखियोने विचारलं.

"घरी होतात."

"नवऱ्याबरोबर? अख्खी दुपार? छे!"

परत येताना लाला हवेत चालत होती. खानावळीच्या दारात मात्र तिला काहीतरी आठवलं.

"आणि माझी पेनल्टी?"

उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला तिने पेनल्टी अडवली होती. डावीकडे झेपावून, डाव्या हाताने. चार गोल बसले होते ते तिच्यामागच्या जाळीत, पण ती पेनल्टी तिची स्वतःची होती. ती सोडली तर तिच्याजवळ आईची भांडी घासणं एवढंच उरत होतं.

"कुठली पेनल्टी?" लिसेन्सियादो म्हणाले. आवाज तोच.

माणूस लालाच्या मनातून साफ उतरला.

"आता एकच राहिलं," ते म्हणाले. "चर्चमधला तो पत्रा."

त्या उपांत्य सामन्याला आईने नवस बोलला होता. तोही सान पास्कुआलला. तो स्वयंपाकघराचा संत. पण आईची ओळख त्याच्याशीच. घेवडा करपू नये म्हणून ती रोज चुलीपुढे त्याच्या नावाने दोन गिरक्या घ्यायची. पेनल्टीच्या वेळी ती हातात डाव घेऊन रेडिओपुढे नाचली. नवस फेडायचा म्हणजे चमत्काराचं चित्र पत्र्यावर काढून घ्यायचं आणि चर्चमध्ये टांगायचं. रंगाऱ्याचा हात आजारी गाई आणि उलटलेल्या बसगाड्यांवर बसलेला. त्यामुळे चित्रातली लाला बसमधून फेकली गेल्यासारखी दिसत होती. पण हातात चेंडू होता, गोलच्या खांबांवर बायकांच्या स्पर्धेचे गुलाबी पट्टे होते, आणि वर ढगात सान पास्कुआल डाव उगारून उभे होते.

"पत्रा उतरला नाही, तर वस्तीतल्या मुलींना रविवारचं मैदान मिळणार नाही," लिसेन्सियादो म्हणाले.

लाला त्यांच्यामागून चर्चमध्ये गेली.

"पत्रा माझा नाही," पाद्री अनाक्लेतो म्हणाले. "हिच्या आईचाही राहिला नाही. टांगला, की संताचा झाला. त्यांच्याकडे मागा."

"मागायचं कसं?"

"सगळे मागतात तसं. लिहून टोचा."

सान पास्कुआलच्या पायाशी एक फळी होती. तिच्यावर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या टोचलेल्या. कुणाला नवरा हवा होता, कुणाला होता तो नको होता.

"उत्तर आलं की चिठ्ठी काढतो," पाद्री म्हणाले. "तोवर तिला बिशपसुद्धा हात लावत नाहीत."

दुसरा कुणी असता तर हसून निघून गेला असता. पण लिसेन्सियादो ओलवेरा यांनी उभ्या जन्मात एकही अर्ज अर्धवट सोडला नव्हता. त्यांनी चर्चचा टाइपरायटर मागून घेतला आणि बाकावर बसले. "चमत्कार मागे घ्यावा," एवढं टाइप केलं.

"कुठला?" मागून लाला म्हणाली. "त्यांच्याकडे ढिगाने चमत्कार आहेत. भलत्याच बाईची गाय मरायची."

"खरं आहे," लिसेन्सियादो म्हणाले. त्यांनी कागद बदलला. "सांग."

लालाने सावकाश सांगितलं. ते टाइप करत गेले. कुठला हात, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"शिक्का?" लाला म्हणाली.

"शिक्क्याशिवाय अर्ज असतो का, मुली?" त्यांनी खिशातून संघटनेचा शिक्का काढला, त्याच्यावर फुंकर घातली आणि सहीशेजारी दाबून उठवला. मग कागद स्वतःच्या हाताने फळीवर टोचला.

पाद्रींनी चष्मा लावून तो वाचला. "आणि ते चार गोल? ते नाही लिहिले?"

"कुठले गोल?" लाला म्हणाली.

कागद अजून तिथेच आहे. उत्तर आलेलं नाही.

"प्रति, श्री. सान पास्कुआल. विषय: चमत्कार मागे घेणेबाबत. महोदय, बायकांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, खच्चून भरलेल्या स्टेडियममध्ये, शेवटच्या मिनिटाला, गोलरक्षक कुमारी एउलालिया सांताना हिने डाव्या हाताने पेनल्टी अडवून मेक्सिकोला अंतिम फेरीत नेले, हे खरे आहे. तरी सदर पेनल्टी अडवली गेली नाही असे करून मिळावे, ही नम्र विनंती."