तुंबलेली पन्हळ

नाशिक रोडला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर पत्रे ठोकताना पडल्यापासून हारुन खाटेलाच खिळला होता. पण पन्हळ कुठे तुंबलीय, हे तो अजूनही नुसत्या आवाजावरून सांगायचा. आज त्याच्या स्वतःच्याच घराची तुंबली होती आणि पाणी भिंतीत मुरत होतं.

“शेजारच्या शफीभाईंना बोलावते,” त्याची बायको खुर्शीदा म्हणाली.

“माझ्या हातच्या पन्हळीला दुसऱ्याचा हात नको. शिडी लाव आणि तूच चढ. मी इथून सांगतो.”

ती भर पावसात चढली. पत्र्यावर तिच्या बांगड्या वाजू लागल्या.

“आणखी डावीकडे! पार कोपऱ्यात हात घाल!” तो ओरडला.

बाहेर काहीतरी धपकन पडलं, आणि पन्हळीतून पाणी धो धो वाहू लागलं.

“केवढा गाळ साठला होता!” हारुन खूश होऊन म्हणाला. “पडला तेव्हाच ओळखलं मी. कान शाबूत आहेत अजून माझे. ये आता खाली, चहा टाक.”

पाण्याच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यानं पुन्हा हाक मारली. मग बांगड्या वाजायची वाट बघत तो कान देऊन पडून राहिला.